नोंदवहीतून घडणारा पहारेकरी

प्रतिनिधी

जुलै २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या 'शेअरपॉइंट' या सर्व्हर-प्रणालीवर जगभर हल्ले झाले. स्वतःच्या जागेत स्वतःचे सर्व्हर चालवणाऱ्या सरकारी कार्यालयांना, शैक्षणिक संस्थांना आणि कंपन्यांना त्याचा फटका बसला. प्रणालीतील एका सदोष पानावाटे आत शिरलेल्या हल्लेखोरांनी अनेक सर्व्हरवर 'एसपीइन्स्टॉल०' नावाची एक लहानशी फाइल ठेवली. मग बाहेरून त्या फाइलचा पत्ता मागवून सर्व्हरच्या गुप्त किल्ल्या पळवल्या. त्याआधी मे २०२३ मध्ये फायलींची देवाणघेवाण करणाऱ्या 'मूव्हइट' या आज्ञावलीवरील हल्ल्यातही असेच घडले होते. तेथे 'ह्यूमन' या मूळ पानाशेजारी 'ह्यूमन२' हे तोतया पान ठेवण्यात आले. त्या प्रकरणाची झळ दोन हजारांहून अधिक संस्थांना पोहोचली.

या दोन प्रकरणांतील एक साम्य विचार करण्याजोगे आहे. 'एसपीइन्स्टॉल०' किंवा 'ह्यूमन२' हे पत्ते त्या सर्व्हरकडे यापूर्वी कोणीच मागितले नव्हते. वर्षानुवर्षांच्या नोंदवहीत त्यांची एकही ओळ नव्हती. तरीही विनंती आली तेव्हा सर्व्हरने ती निमूटपणे पुरवली, कारण जे मागेल ते आणि जे असेल ते देणे हाच वेब सर्व्हरचा मूळ स्वभाव आहे.

मग नोंदवहीत ज्या प्रकारच्या विनंत्या आजवर येत राहिल्या तेवढ्यांनाच दार उघडावे आणि बाकी सर्वांना नकार द्यावा, असे का करू नये? संगणक-सुरक्षेतील ही कल्पना जुनी आहे. अ‍ॅक्सेस लॉग, म्हणजे सर्व्हरची आवक-नोंदवही, वाचून परवानगीचे नियम आपोआप तयार करणारी साधने गेली अनेक वर्षे उपलब्ध आहेत. कार्ड-व्यवहारांच्या 'पीसीआय डीएसएस' या जागतिक नियमावलीनुसार ३१ मार्च २०२५ पासून सार्वजनिक संकेतस्थळांपुढे हल्ले ओळखून रोखणारी स्वयंचलित व्यवस्था असणे बंधनकारक झाले आहे. त्यामुळे असा पहारेकरी बसवणाऱ्यांची संख्या वाढणार हे उघड आहे. मात्र नोंदवहीवरून घडवलेला हा पहारेकरी कोणाला अडवतो आणि कोणाला सोडतो, याची चर्चा तंत्रज्ञांच्या वर्तुळाबाहेर फारशी होत नाही. सामान्य नागरिकाचा संबंध येतो तो नेमका येथेच.

बंदी-यादी की परवानगी-यादी?

पहारा देण्याच्या दोन रीती आहेत. पहिली रीत ज्ञात गुन्हेगारांची यादी दारावर लावण्याची. यादीत नाव असेल त्याला अडवायचे, इतरांना सोडायचे. दुसरी रीत गृहनिर्माण संस्थेच्या चोख वॉचमनची. त्याच्याकडे रहिवाशांची व ठरलेल्या येणाऱ्या-जाणाऱ्यांची यादी असते आणि अनोळखी माणूस फाटकाबाहेर थांबतो.

बहुसंख्य संकेतस्थळांचे संरक्षण आजही पहिल्या रीतीने होते. तिची मर्यादा जुलै २००१ मध्ये 'कोड रेड' या किड्याने दाखवून दिली. एका विशिष्ट पत्त्यापुढे 'एन' या अक्षराची लांबलचक माळ जोडलेली विनंती पाठवून तो मायक्रोसॉफ्टच्या वेब सर्व्हरमध्ये शिरत असे. १९ जुलै रोजी चौदा तासांच्या आत त्याने साडेतीन लाखांहून अधिक संगणक बाधित केले. ती माळ बंदी-यादीत घालेपर्यंत नुकसान होऊन गेले होते. पुढच्याच महिन्यात 'एन'ऐवजी 'एक्स'ची माळ घेऊन त्याचा दुसरा अवतार आला.

दुसऱ्या रीतीचे तत्त्व याहून जुने आहे. एमआयटीचे जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये संगणकातील माहितीच्या संरक्षणावर लिहिलेल्या प्रसिद्ध शोधनिबंधात ते मांडले आहे. कोणाला वगळायचे यापेक्षा कोणाला परवानगी द्यायची हे ठरवावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यामागील युक्तिवाद साधा होता. परवानगी-यादीत चूक झाली तर एखाद्या हक्काच्या माणसाला नकार मिळेल, तो तक्रार करील आणि चूक लवकर उघडकीस येईल. बंदी-यादीतील चूक मात्र परक्याला आत सोडते आणि ती कित्येक दिवस कोणाच्या ध्यानातही येत नाही. सुरक्षातज्ज्ञ मार्कस रॅनम यांनी २००५ मध्ये या क्षेत्रातील सर्वांत मूर्ख कल्पनांची जी यादी केली, तिच्यात 'सर्वांना मुभा' हे धोरण आणि वाइटाची मोजदाद करत बसणे या दोहोंना स्थान दिले.

सॉल्टझर आणि श्रोडर यांच्या युक्तिवादातील एक गृहीतक लक्षात ठेवले पाहिजे. नाकारला गेलेला माणूस तक्रार करील, असे ते गृहीतक आहे.

नियम कसे घडतात

वेब सर्व्हरच्या नोंदवहीचा साचा 'एनसीएसए' या अमेरिकी संस्थेच्या पहिल्या पिढीतील सर्व्हरपासून रूढ आहे. प्रत्येक विनंतीमागे एक ओळ लिहिली जाते. विनंती कोणत्या संगणकाकडून आली, केव्हा आली, कोणत्या पद्धतीने कोणता पत्ता मागितला, सर्व्हरने काय उत्तर दिले आणि उत्तराचा आकार किती, एवढा तपशील त्यात असतो. विस्तारित साच्यात पाहुणा कोणत्या पानावरून आला आणि कोणता ब्राउझर वापरतो याचीही भर पडते. उत्तर सांकेतिक क्रमांकात असते. '२००' म्हणजे मागणी पुरवली, '४०४' म्हणजे असे पान नाही आणि '४०३' म्हणजे परवानगी नाही.

एखाद्या महापालिकेचे संकेतस्थळ डोळ्यांसमोर आणू. तेथील नोंदवहीत लाखो ओळी असल्या तरी विनंत्यांचे प्रकार थोडे असतात. मालमत्ता कराच्या देयकाचे पान हजारो नागरिक उघडतात. प्रत्येकाचा ग्राहक क्रमांक वेगळा, पण पत्त्याची घडण एकच. नियम घडवणारी आज्ञावली हे बदलते क्रमांक बाजूला काढते, सारख्या घडणीच्या ओळी एकत्र करते आणि प्रत्येक घडणीसाठी एक नियम लिहिते. या पत्त्यावर केवळ वाचनाची विनंती चालेल, तिच्यासोबत 'ग्राहक क्रमांक' हे एकच पद येईल, त्यात फक्त अंक असतील आणि ते दहाहून अधिक नसतील, अशा स्वरूपाचा. उरलेल्या सर्व विनंत्यांना उत्तर एकच: '४०३'.

इव्हान रिस्टिक यांनी २००२ मध्ये सुरू केलेली 'मॉडसिक्युरिटी' ही मुक्त आज्ञावली असे नियम राबवण्यासाठी प्रसिद्ध आहे. जानेवारी २०२४ पासून तिचा सांभाळ 'ओवॅस्प' ही संस्था करते. 'एन्जिनएक्स' सर्व्हरसाठी लिहिलेल्या 'नॅक्सी' या आज्ञावलीत तर 'शिकण्याची अवस्था'च असते. त्या काळात ती कोणालाही अडवत नाही. कोणत्या निर्दोष विनंत्या आपल्या नियमांत अडकल्या असत्या एवढे लिहून ठेवते आणि त्या नोंदींवरून सवलतींची यादी तयार करता येते.

या रीतीचा लाभ खरा आहे. 'ह्यूमन२'सारखे कधीही न मागितलेले पान अशा यादीत असूच शकत नाही. त्यामुळे हल्लेखोराने फाइल ठेवली तरी तिच्यापर्यंत बाहेरून पोहोचण्याचा मार्ग बंद राहतो. शोधपेटीत संगणकी आज्ञा टाकून विदागारातील माहिती बाहेर काढण्याच्या प्रयत्नांनाही पायबंद बसतो, कारण जेथे दहा अंक अपेक्षित आहेत तेथे आज्ञा मावत नाही.

नोंदवहीत न दिसणारे

मात्र नोंदवहीला सर्व काही दिसत नाही. नागरिक अर्ज भरून 'पाठवा' कळ दाबतो तेव्हा अर्जातील मजकूर विनंतीच्या पोटात असतो आणि नेहमीच्या नोंदवहीत तो उतरत नाही. पाकिटावरचा पत्ता लिहून घेतला जातो, आतील पत्र वाचले जात नाही. त्यामुळे केवळ अ‍ॅक्सेस लॉगवरून केलेले नियम अर्जातील मजकुराबाबत मौन पाळतात.

विनंतीसोबतच्या शीर्षकांचेही तेच. २०१७ मध्ये अमेरिकेतील 'इक्विफॅक्स' या पतमापन कंपनीतून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीला गेली. 'अपाची स्ट्रट्स' या आज्ञावलीतील ज्या दोषाचा तेथे लाभ घेतला गेला, त्यात घातक मजकूर 'कंटेंट-टाइप' या शीर्षकातून पाठवता येत होता आणि नेहमीच्या नोंदवहीत हे शीर्षक नोंदले जात नाही. त्या दोषावरील दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच उपलब्ध झाली होती. ती वेळेवर बसवली न जाणे हे त्या चोरीचे मूळ कारण होते. परवानगी-यादी हा दुरुस्तीला पर्याय ठरत नाही, हा त्यातील धडा होय. शेअरपॉइंट प्रकरणातही पहिला घाव प्रणालीच्या स्वतःच्या पानावर बसला होता. ते पान कोणा संस्थेच्या नोंदवहीत नित्याचे असते, तर यादीने त्याला वाट दिलीच असती.

डिसेंबर २०२१ मधील 'लॉगफोरशेल' प्रकरण आणखी बोलके आहे. 'लॉगफोरजे' ही जावा आज्ञावलींत नोंदी लिहिण्यासाठी सर्रास वापरली जाणारी उपआज्ञावली. ब्राउझरच्या नावाच्या जागी विशिष्ट मजकूर पाठवला की तो नोंदताना ती हल्लेखोराच्या सर्व्हरशी संपर्क साधत असे. तेथे नोंद करण्याची कृतीच घात करणारी ठरली. नोंदवहीत आलेला प्रत्येक शब्द परक्याने पाठवलेला असतो, याचे भान नियम घडवणाऱ्यांनीही ठेवावे लागते.

चोराच्या पावलांनाही परवाना

याच कारणाने यादीची दुसरी अडचण उभी राहते. नोंदवहीत हक्काच्या पाहुण्यांसोबत चोरांचीही पावले उमटलेली असतात. महाजालावर नवा सर्व्हर उभा राहिला की थोड्याच अवधीत त्याच्यावर चाचपणीच्या विनंत्या येऊ लागतात. वर्डप्रेस नसलेल्या संकेतस्थळाकडेही वर्डप्रेसचे प्रवेशपान मागितले जाते. अशा ओळी गाळल्या नाहीत, तर परवानगी-यादी चोरांच्या वाटांनाही अधिकृत करून टाकते.

ज्यांना '२००' हे उत्तर मिळाले तेवढ्याच ओळी घ्याव्यात, हा यावरचा सोपा उपाय सांगितला जातो. तो अपुरा आहे. नसलेल्या पानाची विनंती आली तरी अनेक संकेतस्थळे 'क्षमस्व, पान सापडले नाही' असा मजकूर '२००' क्रमांकासह पाठवतात. शिवाय नोंदी गोळा करण्यापूर्वीच चोर आत आलेला असेल, तर त्याच्या फाइलनेही '२००' हेच उत्तर दिलेले असते. विनंत्यांची संख्याही फसवी असते, कारण एकच यंत्र एका रात्रीत हजारो विनंत्या पाठवू शकते. त्यापेक्षा एखादा पत्ता किती वेगवेगळ्या पाहुण्यांनी, किती वेगवेगळ्या दिवशी मागितला हे मोजणे अधिक भरवशाचे.

नकाराची नोंद कोण वाचतो?

चोर सुटण्याइतकीच हक्काचा माणूस अडण्याची शक्यता गंभीर आहे. तिचे तीन प्रकार महाराष्ट्र-गोव्यातील वाचकांना सहज ओळखता येतील.

पहिला प्रकार ऋतूचा. भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाने, म्हणजे 'सर्ट-इन'ने, २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार संगणक-प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक आहे. बंधन किमान असले तरी खर्चापोटी अनेकांचे कमाल तेच होते. पण आपले सार्वजनिक व्यवहार वर्षाच्या चक्राने फिरतात. दहावी-बारावीचे निकाल उन्हाळ्यात लागतात. आसन क्रमांक आणि आईचे नाव भरून निकाल पाहण्याचे पान उरलेले वर्षभर जवळपास निजलेले असते. करभरणा, प्रवेशप्रक्रिया, शिष्यवृत्तीचे अर्ज यांचेही ठरलेले हंगाम असतात. सप्टेंबर ते फेब्रुवारीच्या नोंदींवरून घडवलेल्या यादीला मे महिना ठाऊकच नसतो. ज्या दिवशी सर्वाधिक लोक दाराशी येतात, त्याच दिवशी पहारेकरी कोणालाही ओळखत नाही. कार्ड-व्यवहारांची नियमावली बारा महिन्यांच्या नोंदी ठेवायला सांगते. निदान या कामासाठी तरी वर्ष हेच योग्य माप आहे.

दुसरा प्रकार भाषेचा. नागरिकाने महापालिकेच्या शोधपेटीत रोमन लिपीत 'वॉटर टॅक्स' असे लिहिले, तर मधली मोकळी जागा धरून ती नऊ अक्षरे होतात. त्याने 'पाणीपट्टी' असे लिहिले, तर युनिकोडच्या हिशेबाने तीही नऊच चिन्हे. परंतु देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट घेते आणि पत्त्यात लिहिताना प्रत्येक बाइटसाठी टक्केचिन्हासह तीन अक्षरे लागतात. अशा रीतीने 'पाणीपट्टी' हा शब्द सर्व्हरच्या नोंदवहीत ८१ अक्षरांचा होतो. शिकण्याच्या काळात बहुतेकांनी रोमन लिपीत शोध घेतला असेल आणि आज्ञावलीने 'फक्त रोमन अक्षरे, कमाल पन्नास' असा नियम काढला असेल, तर मराठीत लिहिणारा नागरिक नियमबाह्य ठरतो. यात कोणाचाही हेतू नसतो. भूतकाळातील सवय केवळ नियम होऊन बसते.

तिसरा प्रकार नावांचा. वसईत आणि गोव्यात डिसूझा, डिमेलो, डिसिल्वा ही आडनावे रोमन लिपीत 'डी'नंतर एकेरी अवतरणचिन्ह देऊन लिहिण्याची पद्धत आहे. तेच चिन्ह विदागारावरील हल्ल्यांचे नेहमीचे हत्यार असल्याने जवळपास प्रत्येक संरक्षक आज्ञावली त्याच्याकडे संशयाने पाहते. शिकण्याच्या काळात या आडनावाच्या कोणीही शोध घेतला नसेल, तर सवलतींच्या यादीत ते चिन्ह येत नाही आणि पुढे अर्जदाराला स्वतःचे नाव नीट लिहिल्याबद्दल नकार मिळतो.

सॉल्टझर आणि श्रोडर यांचे गृहीतक येथे डळमळते. त्यांच्या काळी संगणक वापरणारा माणूस संस्थेतलाच असे. नकार मिळाला की तो शेजारच्या खोलीत जाऊन विचारू शकत होता. सार्वजनिक संकेतस्थळावर नकार मिळालेला नागरिक 'साइट बंद आहे' असे म्हणतो, दोन-तीनदा प्रयत्न करतो आणि सायबर कॅफेत किंवा कार्यालयाच्या खिडकीशी रांगेत जाऊन उभा राहतो. तक्रार कोठे करावी हे नकाराच्या पानावर क्वचितच लिहिलेले असते. सर्व्हरच्या बाजूला मात्र त्याच्या विनंतीची '४०३' अशी नोंद होते. महिन्याच्या अहवालात अशा नोंदींची बेरीज 'रोखलेले हल्ले' या रकान्यात मांडली गेली, तर अडलेले डिसूझा आणि मराठीत शोध घेणारे पाटील हेही हल्लेखोरांत जमा होतात. नकार जितके अधिक, तितकी यंत्रणा कार्यक्षम, असा उलटा अर्थ त्यातून निघतो.

उपाय काय?

यादीचे तत्त्व त्यामुळे टाकाऊ ठरत नाही. गरज आहे ती नोंदवहीला तिची योग्य जागा देण्याची. संकेतस्थळावर कोणती पाने आहेत, प्रत्येक पान कोणती पदे स्वीकारते आणि त्यांत काय चालते, हे ते घडवणाऱ्या तंत्रज्ञांना ठाऊक असते, किंबहुना असायला हवे. यादीचा पहिला मसुदा त्या आराखड्यातून यावा आणि नोंदवही त्याच्याशी ताडून पाहावी. आराखड्यात आहे पण नोंदवहीत नाही, ते पान हंगामी असू शकते. नोंदवहीत आहे पण आराखड्यात नाही, त्याची चौकशी त्याच दिवशी व्हावी. कदाचित तेथेच एखादे 'ह्यूमन२' दडलेले असेल.

यंत्राने लिहिलेला प्रत्येक नियम लागू होण्यापूर्वी माणसाने वाचावा आणि काही काळ केवळ निरीक्षणाच्या अवस्थेत ठेवावा. अर्थात निरीक्षणही निर्धोक मानता येत नाही. २ जुलै २०१९ रोजी 'क्लाउडफ्लेअर' कंपनीने आपल्या संरक्षक यंत्रणेत एक नवा नियम अशाच चाचणीच्या अवस्थेत टाकला होता. त्यातील अक्षरजुळणीची रचना इतकी गुंतागुंतीची निघाली की जगभरातील तिचे सर्व्हर त्या तपासणीतच दमले आणि सुमारे २७ मिनिटे असंख्य संकेतस्थळे कोलमडली. नियम थोडे आणि साधे असावेत, हा बोध त्यातून घ्यावा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट नकाराच्या पानाची. त्यावर नागरिकाला समजेल अशा भाषेत कारण, एक संदर्भ क्रमांक आणि तक्रारीचा मार्ग असलाच पाहिजे. ज्या नकारांमागे खरा नागरिक होता, त्यांची संख्या अहवालात वेगळी दाखवावी. सार्वजनिक संस्था अशा यंत्रणा निविदा काढून विकत घेतात. या दोन अटी निविदेत घालायला वेगळा निधी लागत नाही. आज अशा निविदांत 'किती हल्ले रोखणार' हे विचारले जाते. 'किती नागरिक अडवणार आणि ते तुम्हाला कसे कळणार' हा प्रश्नही त्याच कागदावर विचारला गेला पाहिजे.